कूलरचा जाम झालेला पंप: काढणं, मोकळा करणं, परत बसवणं

होळी आटोपली की नागपुरात कूलरवरची जुनी चादर निघते, टबात पाणी सोडलं जातं, बटण दाबलं जातं. पंखा फिरतो, ताट्या, म्हणजे बाजूंच्या वुडवूलच्या (लाकडाच्या तंतूंच्या) किंवा खसच्या चौकटी, मात्र कोरड्याच. टबाजवळ कान नेला तर बारीक घूंऽऽ असा आवाज येतो. मग घरोघरी दोनपैकी एक गोष्ट होते. ‘पंप जळला’ म्हणून नवा आणतात, नाहीतर चालू पंपालाच बोटाने किंवा काडीने ढोसतात. पहिल्यात पैसे वाया जातात, दुसऱ्यात जीव जाऊ शकतो.

घूं करणारा पंप बहुधा जळलेला नसतो. कॉइलमध्ये वीज पोचतेय म्हणून तर आवाज येतो. आतली फिरती दांडी आठ-नऊ महिने वाळलेल्या क्षारांनी धरून ठेवलेली असते, एवढंच.

खालची कृती पाण्यात बुडणाऱ्या, १८ ते ४० वॅटच्या प्लास्टिकच्या पंपासाठी आहे. जुन्या लोखंडी कूलरमधल्या उभ्या दांडीच्या पंपाबद्दल वेगळा भाग आहे. हातकाम पाऊण तासाचं, बाकी वेळ भिजवण्याचा. सकाळी पंप काढला तर दुपारी ऊन चढायच्या आत ताट्या ओल्या होतात.

तयारी

आधी हे सगळं जवळ घ्या, म्हणजे पंप उघडा टाकून दुकानात पळावं लागणार नाही.

- किराणा दुकानात मिळणारं लिंबूसत्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, ५० ग्रॅम. ते नसेल तर साधं पांढरं व्हिनेगर अर्धा लिटर.
- पंप पूर्ण बुडेल असं प्लास्टिकचं भांडं आणि चाचणीसाठी प्लास्टिकची बादली. दोन्ही धातूची नकोत.
- जुना टूथब्रश, कान साफ करायच्या कापसाच्या काड्या, दातकोरणी, आईसक्रीमची लाकडी काडी.
- लहान फुलीचा आणि चपटा स्क्रू ड्रायव्हर.
- पांढरं ताट किंवा फडकं. पंपातले रबरी बुश, म्हणजे दांडीची टोकं धरणाऱ्या टोप्या, तुरीच्या डाळीएवढे असतात आणि गॅलरीच्या जाळीतून खाली पडले की गेलेच.
- मल्टीमीटर असेल तर उत्तम.

टॉयलेट क्लीनर किंवा फरशीचं ॲसिड घेऊ नका. क्षार झटपट निघतात हे खरं, पण त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं. ते स्टीलची दांडी खातं, बंद खोलीत वाफेने घसा जळतो, आणि ब्लीचिंग पावडरशी गाठ पडली तर विषारी क्लोरीन वायू सुटतो.

१. पंप खरंच जाम आहे का?

पंप काढण्याआधी लक्षण नीट ऐका.

काहीच आवाज नाही: वीज पोचत नाही किंवा कॉइल तुटलेली. आधी प्लग, बटण आणि जोड तपासायचे. भिजवून उपयोग नाही.

घूं आवाज, पाणी अजिबात नाही: दांडी जाम. हा लेख यासाठीच आहे.

खडखड आवाज, पाणी थोडं: रबरी बुश निसटला किंवा झिजला, नाहीतर दांडी तुटली.

आवाज नेहमीसारखा, पाणी नाही किंवा एकाच ताटीवर: पंप ठीक आहे. नळी दुमडली असेल किंवा वरच्या ट्रेची भोकं क्षारांनी बुजली असतील. आतमध्ये हवा अडकली तरी असंच होतं. प्लग काढून पंप पाण्याखालीच तिरपा करा. बुडबुडे निघाले तर तेच कारण होतं.

शेवटच्या प्रकारात उगाच पंप उघडणारे पुष्कळ. पंपाची नळी काढून पाहिली तर दोन मिनिटांत निकाल लागतो: प्लग काढून नळी सोडवा, हात बाहेर घ्या, मग प्लग लावा. तोंडातून पाणी उसळलं तर दोष वरच्या बाजूला.

सावधान: नुसताच घूं करणारा पंप ‘सुटेल आपोआप’ म्हणून चालू ठेवू नका. फिरत नसलेल्या पंपाची कॉइल तापत जाते आणि बरा होणारा पंप तासाभरात खरोखर जळतो.

२. वीज तोडा, मग हात घाला

प्लग सॉकेटमधून बाहेर काढा आणि डोळ्यांसमोर ठेवा. कूलरवरचं बटण बंद करणं पुरेसं नाही. पुष्कळ कूलरना अजून टू-पिन प्लग असतो. तो उलटा लागला तर कूलरवरचं बटण न्यूट्रल तोडतं आणि फेज पंपापर्यंत तसाच राहतो. पंप बंद दिसतो, वायर मात्र जिवंत असते. ओल्या टबात हात, पायाखाली ओली फरशी, लोखंडी बॉडी: विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसं दगावल्याच्या बातम्या येतात, त्यामागे बहुतेक वेळा हेच जुळून आलेलं असतं. थ्री-पिन प्लग, चालू असलेलं अर्थिंग आणि मीटरजवळ ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळणारा करंट ओळखून वीज तोडणारा स्विच) हे तिन्ही हवेत. एक असलं म्हणून दुसरं नको, असं होत नाही.

आता क्रमाने:

पंपाच्या बाजूची ताटी वर उचलून काढा. टबातलं पाणी सोडून द्या. नळी पंपाच्या तोंडावर घट्ट बसलेली असते आणि वर्षभरात कडक होते. तिला हिसका दिला की पंपाचं प्लास्टिकचं तोंड मोडतं, आणि ते पुन्हा चिकटत नाही. नळीच्या टोकावर गरम पाणी ओता, मिनिटभर थांबा, मग पिळत पिळत ओढा.

पंपाची वायर कूलरच्या आत कुठे जोडली आहे ते पाहा आणि जोड सोडवण्याआधी फोनवर फोटो काढा. पंप कधीही वायरला धरून उचलू नका. वायर जिथे पंपात शिरते तिथलं सील ढिलं झालं की पाणी आत आणि करंट टबात.

तपासणी: वायरच्या मुळाशी चीर, कॉइलच्या भागावर फुगवटा, वितळल्याची खूण किंवा जळका वास आहे का? यातलं एकही दिसलं तर इथेच थांबा. असा पंप मोकळा झाला तरी पाण्यात ठेवायच्या लायकीचा नसतो. नवा दोन-चारशे रुपयांत येतो.

३. आधी भिजवा, मग उघडा

सगळ्यात जास्त पंप याच टप्प्यावर, म्हणजे तो गाळल्यामुळे मोडतात. क्षार वाळून दगड झालेले असताना झाकण पिळलं की खाचा तुटतात, इम्पेलर, म्हणजे आतला छोटा पंखा, ओढला की पाती हातात येतात.

एक लिटर कोमट पाण्यात ३० ग्रॅम लिंबूसत्व विरघळवा. साधारण दोन मोठे चमचे होतात. पाणी हाताला सोसेल इतपतच गरम असावं. उकळत्या पाण्यात पंप टाकू नका. कॉइलवर ओतलेलं सील आणि प्लास्टिक गरम पाण्यात वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात आणि मधे केसाएवढी फट पडते. ती डोळ्यांना दिसत नाही, करंटला सापडते.

पुढची जाळी आणि स्पंज आधी काढून घ्या. स्पंज बोटांत भुगा होत असेल तर फेका, तो भुगाच पंपात जातो. पंप द्रावणात पूर्ण बुडवा, प्लग आणि वायरचं टोक बाहेर कोरडं ठेवा. पंप आडवा-तिडवा करून आतली हवा काढा, नाहीतर जिथे क्षार आहेत तिथेच बुडबुडा बसून राहतो.

थोड्याच वेळात बारीक फेस येऊ लागेल. क्षार विरघळताना कार्बन डायऑक्साइड सुटतो, त्याचा तो फेस. तासाभराने फेस थांबला आणि पांढरा थर मात्र उरला, तर द्रावणाचा जोर संपला. ताजं करा. एरवी एक ते दोन तास पुरतात. बोअरच्या पाण्यावर दोन-तीन सीझन चाललेल्या पंपाला रात्रभरही लागू शकते. व्हिनेगर वापरत असाल तर पाणी मिसळू नका आणि वेळ दुप्पट धरा.

भांडं कोटा किंवा संगमरवराच्या फरशीवर ठेवू नका आणि द्रावण त्यावर सांडू देऊ नका. दोन्ही दगड चुनखडीच्या जातीचे. पंपातले क्षार विरघळवणारं द्रावण फरशीची चमकही विरघळवतं.

४. उघडणं

इम्पेलरवरचं झाकण तीनपैकी एका प्रकारे बसवलेलं असतं: थोडं फिरवून सुटणारं, दाबून बसवलेलं, किंवा दोन स्क्रूचं. फिरणारं आहे का ते आधी पाहा. झाकणाच्या कडेला छोट्या खाचा असतील तर फिरवायचंच. फिरणाऱ्या झाकणात चपटा स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटणं ही नेहमीची चूक.

झाकणाखाली छोटा पंखा दिसेल, तो इम्पेलर. त्याच्या मागे काळं गोल चुंबक, म्हणजे रोटर, विहिरीसारख्या खोबणीत बसलेलं असतं. दोघांच्या मधून बारीक दांडी जाते, बऱ्याच पंपांत पांढऱ्या सिरॅमिकची. ती कडक असते पण काचेसारखी ठिसूळ. वाकत नाही, थेट तुटते.

आता जोर लावायची पद्धत. ओढायचं नाही, फिरवायचं. इम्पेलर मधल्या गाभ्याला धरा, पात्यांना नाही. आधी एका बाजूला जरासा, मग दुसऱ्या बाजूला जरासा, मागे-पुढे. सुरुवातीला फिरणं दिसणारही नाही, फक्त करकर जाणवेल. दहा-बारा वेळा करून हललाच नाही तर द्रावण खोबणीत भरा आणि आणखी अर्धा तास जाऊ द्या. फिरू लागला की सरळ रेषेत बाहेर ओढा. चुंबक लोखंडी गाभ्याकडे ओढ घेतं, त्यामुळे थोडा विरोध होणारच. तिरपा ओढला तर दांडी जाते.

पक्कड वापरू नका. चुंबकाची कपची उडते, आणि कपची उडालेला रोटर खोबणीत घासत राहतो. ठोकायचं तर मुळीच नाही.

५. साफ करताना

रोटरवरचा पांढरा थर ब्रशने जातो. दांडीभोवती वुडवूलचे किंवा खसचे तंतू गुंडाळलेले असतील, कधी कधी इतके घट्ट की दोऱ्याचं रीळ वाटावं. ते दातकोरणीने उलगडा. ब्लेडने कापायला गेलात तर रबरी बुश कापला जातो.

खोबणीच्या तळाशी मागचा बुश असतो. कापसाची काडी द्रावणात बुडवून आत फिरवा, काडी स्वच्छ निघेपर्यंत. बुश काडीबरोबर बाहेर आला तर घाबरायचं कारण नाही, तसाच परत बसतो. मात्र पांढऱ्या ताटात ठेवा. बुश नसलेला पंप चालतो, पण खडखडतो आणि महिन्याभरात दांडी खातो.

स्टीलच्या दांडीवर गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरने हलकेच पुसा. सिरॅमिकला पेपर लावू नका.

खोबरेल तेल, ग्रीस, शिलाई मशीनचं तेल यातलं काहीही आत घालू नका. या पंपाचं वंगण पाणीच आहे. तेलाने रबर फुगतं आणि मोकळा केलेला पंप आठवड्यात पुन्हा अडकतो.

तपासणी, आणि इथे दोन गोष्टी फार लोकांना फसवतात.

पहिली: रोटर खोबणीत घालून फिरवला की तो एका फेरीत दोनदा ‘अडकल्या’सारखा वाटतो, टक्क करून जागा धरतो. तो जाम नाही. चुंबक लोखंडी गाभ्यासमोर थांबायला बघतं. बोटाने टक्क-टक्क सहज होत असेल तर सगळं ठीक. करकर लागली तर अजून क्षार आहेत.

दुसरी: बऱ्याच पंपांत इम्पेलर चुंबकावर थोडा ढिला असतो, काही अंश मोकळा फिरतो आणि मग अटकतो. पुष्कळ जण ‘तुटलाय’ म्हणून तो इन्स्टंट गोंदाने चिकटवतात. हा ढिलेपणा मुद्दाम ठेवलेला आहे. सुरू होताना चुंबक आधी एकटं हलतं, वेग घेतं आणि मग पाण्याचं ओझं उचलतं. चिकटवल्यावर पंप नुसता थरथरतो, आणि साफसफाई नीट करूनही तो ‘जळला’ ठरतो.

६. कॉइल आणि वायर

मल्टीमीटर ओहमवर ठेवून प्लगच्या अर्थिंगची मोठी पिन सोडून उरलेल्या दोन पिनांवर लावा, पंपाचं बटण चालू ठेवून, किंवा पंपाच्या सुट्या वायरींवर. चांगल्या छोट्या पंपात काही शे ओहम दिसतात. काहीच दिसलं नाही तर कॉइल तुटली. शून्याजवळ असेल तर आतल्या आत शॉर्ट. दोन्हींत पंप गेला.

मग पंप पाण्याच्या बादलीत बुडवून, प्लग कोरडा आणि सॉकेटबाहेर ठेवून, मीटरची एक सुई पाण्यात आणि दुसरी पंपाच्या एका वायरीला लावा. मीटरने काहीही दाखवू नये. आकडा आला तर सील फुटलेलं आहे, पंप फेका. साध्या मीटरची ही तपासणी ढोबळ आहे. ती उत्तीर्ण झाली म्हणून आरसीसीबी नको असं नव्हे.

७. बादलीतली चाचणी

जुळवणीचा क्रम: मागचा बुश, दांडीसकट रोटर, पुढचा बुश, झाकण. झाकणाखाली रबरी रिंग असेल तर ती पिळलेली नाही ना ते पाहा.

पंप थेट कूलरमध्ये लावू नका. प्लास्टिकच्या बादलीत पूर्ण बुडेल एवढं पाणी घ्या, पंप ठेवा, हात पुसा, चप्पल घाला, मग प्लग लावा. कोरडा चालवून ‘फिरतो का’ बघणं चुकीचं. पाण्याशिवाय बुश मिनिटाभरात तापतो.

पाच सेकंद चालू करा. पाणी उसळलं तर दहा मिनिटं चालू द्या. नुसतंच घूं आलं तर बंद करा, प्लग काढा, पंप पाण्याखाली हलवून हवा काढा, पुन्हा लावा. तीन वेळा करूनही सुरू झाला नाही तर तिसऱ्या टप्प्यावर परत जा. चौथ्यांदा बटण दाबून काही बदलत नाही.

इम्पेलर कधी उजवीकडे, कधी डावीकडे फिरतो. या पंपांचं तसंच असतं, दोष नाही.

उभ्या दांडीचा पंप असेल तर

यात मोटर पाण्यावर असते आणि लांब दांडी खाली इम्पेलरपर्यंत जाते. मोटर भिजवायची नाही. फक्त खालचा प्लास्टिकचा भाग द्रावणात उभा ठेवा, पाण्याची पातळी मोटरच्या चांगली खाली. दांडी वरून बोटांनी मागे-पुढे फिरवा. इथे मात्र तेल लागतं: मोटरच्या वरच्या आणि खालच्या बुशवर शिलाई मशीनच्या तेलाचे दोन-तीन थेंब. गंज सोडवणारा स्प्रे मारून थांबू नका, तो उडून जातो आणि बुश कोरडा राहतो. मोटरची बॉडी लोखंडी असेल तर अर्थिंगची वायर तिच्या स्क्रूवर घट्ट आहे का, तेही आत्ताच पाहून घ्या.

८. कूलरमध्ये बसवणं

टब घासून घ्या. गाळात बसलेला पंप आठ दिवसांत पुन्हा गाळच ओढतो. खाली फरशीचा सपाट तुकडा ठेवला की पंप गाळाच्या बोटभर वर राहतो. स्पंज गेला असेल तर तोंडाला मच्छरदाणीचा तुकडा बांधा. साडीचा कपडा नको, तो बुजतो आणि पंप उपाशी चालतो.

वायरचा जोड टबाच्या पाण्याच्या पातळीच्या वर, शक्यतो कूलरच्या बाहेर ठेवा. काळी टेप गुंडाळून पाण्यात सोडलेला जोड म्हणजे तिसऱ्या दिवशी बॉडीला करंट. वायर प्लगकडे जाताना खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळणारं पाणी सॉकेटपर्यंत जात नाही.

नळी लावताना टोक गरम पाण्यात बुडवलं की सहज बसते. पाणी भरा, झाकणं-ताट्या लावा, आणि सगळ्यात शेवटी प्लग. पुढे रोज पाणी भरतानाही प्लग बाहेर.

पुन्हा जाम होऊ नये म्हणून

पाण्याची वाफ होते, क्षारांची होत नाही. बोअरच्या पाण्यात लिटरमागे ३०० मिलिग्रॅम क्षार धरले आणि मे महिन्यात दिवसाला ६० लिटर पाणी उडालं, तर टबात रोज १८ ग्रॅम क्षार मागे राहतात. आठवड्याला सव्वाशे ग्रॅम. वरून नुसतं पाणी भरत राहिलात तर हे सगळं टब, ताट्या आणि पंपातच साठतं. म्हणून आठवड्यातून एकदा टब पूर्ण रिकामा करायचा. डेंग्यूच्या डासांची अंडीही त्याच पाण्यात वाढतात, आठ-दहा दिवसांत डास उडायला तयार होतो. एका कामात दोन्ही निपटतात.

नवतपा, म्हणजे मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सरून पाऊस लागला की बहुतेक कूलर टबात चार बोटं पाणी तसंच ठेवून बंद होतात. पुढच्या मार्चमधला जाम तेव्हाच तयार होतो: पाणी हळूहळू आटतं आणि शेवटचा सगळा क्षार रोटरच्या खोबणीत वाळतो. कूलर बंद करायच्या दिवशी पंपाला तासभर लिंबूसत्वाची अंघोळ घाला, साध्या पाण्याने धुवा, रोटर बाहेर काढून सावलीत वाळवा. पंप, रोटर आणि दोन्ही बुश एकाच पिशवीत घालून ती पिशवी कूलरच्या जाळीलाच बांधा. माळ्यावर वेगळी ठेवलेली पिशवी होळीपर्यंत सापडत नाही.